पहिले शंभर आणि आमची अक्का

चैत्र लागला की कालव्याच्या दोन्ही अंगांना हलग्या वाजायला लागतात. आज या गावची जत्रा, परवा त्या गावची. बारामतीपासून इंदापूरपर्यंत महिना-दीड महिना असा जातो, की दुपार कलली म्हणजे कुठल्या ना कुठल्या दिशेनं कुस्त्यांच्या मैदानाचा गलका वाऱ्यावर येतोच. माणसं हातातलं काम टाकून त्या दिशेला बघतात, म्हाताऱ्यांचे सुद्धा दंड फुरफुरतात. मला मात्र तो आवाज आला की राग येतो. इतक्या वर्षांत तो कमी व्हायला हवा होता, पण झालेला नाही.

यंदा तो जरा जास्तच आला. वडगाव निंबाळकरला अक्काकडे गेले होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुनंदा. तिच्याकडे दहा-बारा म्हशी, सकाळ-संध्याकाळ दुधाची धांदल. तिचा मुलगा रोहित पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आला होता. ओट्यावर बसून मोबाइलमध्ये डोकं घातलेलं. मध्येच म्हणाला, "मावशी, हे बघ. टेनिसचे नंबर. कुठल्या देशाचे किती, त्याचा तक्ता आलाय. झेक म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याएवढी माणसं असतील. त्यांच्या पोरी पहिल्या शंभरात ढिगानं. आणि आपला एवढा देश, एक पोरगी न्हाय. आपल्या मातीतच न्हाय ते."

अक्का कॅनच्या तोंडावर फडकं धरून दूध गाळत होती. तिनं ऐकलं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आले आहे. टपरीवर, लग्नाच्या मांडवात, टीव्हीवर. एवढा मोठा देश आणि एक खेळाडू नाही? प्रश्न विचारणारा नेहमी बसलेला असतो, हे मी पाहून ठेवलं आहे. हातात चहा असतो आणि स्वरात असं दुःख असतं, जसं काही देशानं ह्याचंच वैयक्तिक नुकसान केलं आहे. मग तो आपणच उत्तर देतो. आपल्या लोकांत जिद्द नाही, आपला आहार बरोबर नाही, आपल्या मातीतच नाही. मातीला बिचारीला तोंड नाही म्हणून बरं. उसाला चालते, द्राक्षाला चालते, डाळिंबाला चालते, पैलवानाला चालते, आणि एका पिवळ्या चेंडूपुरती तेवढी नापीक होते, असं हे शास्त्र आहे.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात हाच प्रश्न आमच्या घरातही होता, पण तो चहाचा प्रश्न नव्हता. आमचं रान कालव्याच्या कडेला. टोमॅटो, दोडका, गवार, कधी कोबी. वडील, म्हणजे तात्या, माल बारामतीच्या मंडईला धाडायचे आणि थोडा जवळच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत घरोघर द्यायचे. आठवड्यातून एकदा फाट्यावरून पेपर यायचा तो खेळाच्या पानासाठी. टोमॅटोच्या खोक्यांवर बसून तात्या आणि अक्का ते पान गुडघ्यावर पसरायचे. मी मागून मान घालायची. कच्च्या टोमॅटोचा हिरवा उग्र वास, खोक्यात अंथरलेला पेंढा आणि त्यात टेनिसच्या नंबरांच्या यादीतली ती लांबलांबची नावं. अक्का वाचायची आणि तात्या देशांची उलटतपासणी घ्यायचे.

"ह्यो स्वीडन केवढा गं?"

"समदा देश मुंबईत मावंल, तात्या."

"आन् बर्फ पडतो म्हंतीस?"

"निम्मं वरीस."

"मग खेळत्यात कवा?"

"आत. छपराखाली."

तात्यांनी बिडीची राख झटकली. मग म्हणाले, "म्हंजी तालमीच हायत त्यांच्यात. गावोगाव तालमी आसत्याल. त्याबिगर एका गावातनं एवढं पैलवान निघत न्हाईत."

स्वीडनच्या यशाचं याहून चांगलं विश्लेषण मी अजून कुठं वाचलेलं नाही, आणि मी पुष्कळ वाचलं आहे. तात्यांना स्पेन आवडायचा, कारण ती माणसं तांबड्या मातीत खेळतात असं अक्कानं सांगितलं होतं. अमेरिकेचं त्यांना कौतुक नव्हतं. मोठ्या गावचा पैलवान जिंकला तर त्यात काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या चैत्रात तर बातमीच अशी होती, की स्वित्झर्लंडची एक पोरगी, वय अक्काएवढंच, जगात पहिली झाली होती. अक्का तेव्हा नुकती दहावीच्या परीक्षेला बसलेली. तिनं ती बातमी मोठ्यानं वाचली नाही, मनात वाचली.

"आपलं कुठं हाय?" तात्यांनी विचारलं.

अक्काचं बोट नावांवरून खाली खाली गेलं. "हितं न्हाय छापलं."

"खाली आसंल."

"खाली हायब्रीड बियाण्याची जाहिरात हाय."

तात्या हसले, मीही हसले. अक्का हसली नाही. कारण ते बोट गंमत म्हणून फिरत नव्हतं, ती स्वतःसाठी जागा बघत होती.

आता हे वेड तिला लागलं कसं, ते सांगते. कॉलनीत साहेबलोकांच्या क्लबाशेजारी टेनिसचं एक कोर्ट होतं. मुरमाचं. दुपारी त्यावर पाणी मारायचे, मग रूळ फिरवायचे. तो ओला मुरूम आणि कारखान्यावरून येणारा मळीचा आंबूस वास, ही माझ्यासाठी टेनिसची पहिली ओळख. साहेबलोक कोर्टापेक्षा पत्त्यांच्या टेबलावर जास्त असायचे. खेळायच्या त्या एकट्या पै मॅडम. एका इंजिनिअरसाहेबांच्या बायको, कॉलेजात खेळलेल्या आणि जोडीदार नाही म्हणून भिंतीशी खेळून कंटाळलेल्या. शाळेच्या खो-खोत अक्काची धाव बघून त्यांनी तिच्या हातात रॅकेट दिली. समोर कुणीतरी हवं एवढाच त्यांचा हेतू. आठवीतली अक्का त्यांच्यासमोर उभी राहिली आणि नववी संपेपर्यंत मॅडम धापा टाकायला लागल्या. दहावीत तर पत्ते टाकून साहेबलोक एकेक करून कोर्टावर यायचे, हरायचे आणि आज ऊन डोळ्यावर आलं असं म्हणून परत पत्त्यांकडे जायचे. ऊन अक्काच्या डोळ्यांवर कधी यायचं नाही. ती शाळेच्या सलवार-कमीजमध्ये खेळायची, ओढणी कमरेला आवळून. आईला तेही पटत नव्हतं, पण मॅडम भाजीला घासाघीस करत नाहीत, माणूस चांगलं आहे, म्हणून ती गप्प होती.

त्या मार्चमध्ये पै साहेबांची बदली झाली. निघताना मॅडमनी आपली एक रॅकेट अक्काला दिली आणि तात्यांना सांगितलं, "हिला पुण्याला न्या. मे महिन्यात तिथं स्पर्धा असतात. खेळली की हिचा नंबर लागेल."

तात्यांनी हे आपल्या परीनं ऐकलं. तरुणपणी ते पैलवान होते आणि आता आमच्या जत्रेच्या मैदानात पंच म्हणून बसायचे. त्यांच्या लेखी स्पर्धा म्हणजे मैदान. आणि मैदानाची रीत ठरलेली आहे. सकाळपासून बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग चढत्या इनामाच्या. कुठल्याही गावचा पैलवान येतो, मातीला हात लावून कपाळाला लावतो, आखाड्याला फेरी मारतो. समोरून कुणी हात मिळवला तर ठीक, नाहीतर पंच अंग बघून जोड लावतात. तुझं नाव आधी कळवलं होतंस का, असं कुणी विचारत नाही. कुणी कुणाला पाडलं ते गोल बसलेल्या सगळ्या गावानं बघितलेलं असतं, तोच निकाल. तात्यांनी पुण्याचं टेनिस याच मापानं मापलं. चूक म्हणाल तर हीच. आमच्याकडचा कुठलाही माणूस हीच चूक करील.

मे महिन्यात आम्ही तिघं पहाटेच्या एस्टीनं निघालो. तात्यांनी धुवट धोतर नेसलं होतं, फेटा बांधला होता, आणि पिशवीत नारळ. अक्काची रॅकेट आईनं जुन्या लुगड्याच्या पिशवीत शिवून दिली होती. पुण्यात पत्ता विचारत त्या मोठ्या क्लबावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. तांबडी कोर्टं ओळीनं, गुलमोहराखाली खुर्च्या, पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी. एकेकीच्या पाठीवर तीन-तीन रॅकेटींची बॅग. तात्यांनी कोर्टाच्या कडेला बसून चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. दोघी-चौघी हसल्या. मी त्यांच्याकडं बघितलं, आणि मला वाटतं माझा राग तिथून सुरू झाला.

टेबलामागं एक टोपीवाले गृहस्थ बसले होते. तात्यांनी रामराम घातला. "पोरीला घिऊन आलोय. जोड लावा."

"नाव आलं होतं का?"

"आता आलोय की आमी."

"काका, नावं आधी पाठवायची असतात. मुदत होऊन गेली. रँकिंग काय मुलीचं?"

"म्हंजी?"

"नंबर, नंबर."

"त्योच लावायला आलोय."

गृहस्थ वाईट नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली. नंबर असलेल्यांना आधी जागा मिळते, उरलेल्या जागा आधी नाव दिलेल्यांना, त्यांचीही वेगळी चाचणी असते, ती परवाच झाली, असं सगळं त्यांनी समजावलं. नंबर कसा मिळतो, तर अशा स्पर्धा खेळून. तात्या नीट ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी आखाड्यात उतरायला नंबर पायजे, आन् नंबर पायजे तर आखाड्यात उतराय पायजे. मग पयला मानूस उतरला कसा?"

त्यावर गृहस्थ हसले. हा नियम चुकीचा होता असं मी आज म्हणणार नाही. जगभर तसाच आहे. पण मुदत आहे, नाव पाठवायचं असतं, हे आम्हाला कळायचं कुठून? आमच्या चावडीवर कधी टेनिसची सूचना लागली होती? ती लागायची त्याच क्लबाच्या फळ्यावर, जिथं आत जायला त्या क्लबाचं असावं लागतं. आणि मग त्याच खुर्च्यांवर बसून विचारायचं, की खेड्यातून कुणी पुढं का येत नाही.

त्यांच्यातल्या एका पोरीला मात्र आमची दया आली, किंवा कंटाळा आला असेल. तिचा सामना दुपारी होता. ती म्हणाली, "सर, मागच्या कोर्टवर मी खेळते हिच्याबरोबर. तेवढीच प्रॅक्टिस." ती राज्यात वरच्या नंबरांतली होती, हे नंतर कळलं. मागचं कोर्ट भिंतीकडेला, उखणलेलं. अक्कानं बूट काढून ठेवले, कारण एकाचा तळ फाट्यापर्यंत चालतानाच निघाला होता. अनवाणी उभी राहिली, ओढणी आवळली.

पहिले काही चेंडू ती पोरगी सहज मारत होती. मग नीट मारायला लागली. मग तिनं टोपी काढून बाजूला टाकली. मला गुण मोजता येत नव्हते, पण माणसाचा चेहरा वाचता येतो. पुढच्या कोर्टांवरच्या दोन-तीन आया मागं वळल्या. चहावाला थांबला. त्या तापलेल्या मातीत अक्काचे पाय भाजत असणार, पण ती जिथं चेंडू जाईल तिथं आधीच उभी असायची, जशी खो-खोत असायची. शेवटचा चेंडू तिनं असा कोपऱ्यात ठेवला की ती पोरगी जागची हललीच नाही. मग तिनं जाळीवरून हात पुढं केला आणि म्हणाली, "कुठं शिकलीस तू?" अक्कानं कारखान्याचं नाव सांगितलं. त्या पोरीला ते गावाचं नाव वाटलं असावं.

तात्या ताठ मानेनं टेबलाकडं गेले. "आता?"

"छान खेळते हो. खरंच छान. पुढच्या वर्षी वेळेवर नाव पाठवा."

"आवो पर हिनं पाडली की तिला. समद्यांनी बघितलं."

"काका," गृहस्थ शांतपणे म्हणाले, "हे धरत नाहीत."

हे धरत नाहीत. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ अपमान पाहिले, काही स्वतः गिळले. पण इतक्या सभ्य आवाजातला एकही आठवत नाही. तात्यांनी नारळ टेबलावर ठेवला, कारण तो परत न्यायचा नसतो, आणि आम्ही निघालो.

परतीच्या एस्टीत तात्यांची तोंडाची टकळी थांबेना. हडपसर गेलं, उरुळी गेली, यवत गेलं, तरी चालूच. "आपल्या आखाड्यात आसं न्हाय. आपल्यात कुणीबी येऊ दे, कुठल्याबी गावचं, कुठल्याबी जातीचं. माती म्हनती, ये. अंगात रग आसंल तर दाव. कागूद नाय, काय नाय. म्हनून आपलं पैलवान जगात भारी." पुढच्या बाकावरची माणसंही माना डोलवायला लागली.

अक्का खिडकीशी बसली होती. पाय वर घेतलेले, तळव्यांना फोड आलेले. ती बाहेर बघतच म्हणाली, "तात्या, आपल्या आखाड्यात मला उतरू देत्याल?"

पुढच्या बाकावरची माणसं पुन्हा पुढं बघायला लागली. त्या काळी आमच्याकडं बाईमाणूस आखाड्याच्या मातीला शिवत नसे. कुस्त्या आम्ही देवळाच्या मागच्या गच्चीवरून बघायचो, तेही पदर पुढं ओढून. त्यानंतर पाटस आलं, बारामती आली, आमचा फाटा आला, पण तात्या बोलले नाहीत.

आठ-दहा दिवसांनी आमच्या गावची जत्रा होती. हलगी कडाडली, मैदान भरलं, आणि तात्या घरीच खोक्यांवर बसून राहिले. दोघं जाणती माणसं बोलवायला आली. "तात्या, खोळंबा झालाय. जोड लावायला तुमी पायजे."

तात्या म्हणाले, "माजी एक जोड लावायची राह्यलीया. ती लावल्याबिगर दुसऱ्याची कशी लावू?"

त्यांना काही कळलं नाही. दोघं आली तशी मैदानाकडं परत गेली.

हे वाक्य आमच्या भावकीत अजून मोठ्या कौतुकानं सांगतात. तात्या गेले तेव्हा दहाव्याला सुद्धा कुणीतरी सांगितलं. लोकांचे डोळे भरून आले आणि मला उठून जावंसं वाटलं. वाक्य चांगलंच आहे, तात्यांनी ते मनापासून म्हटलं होतं, आणि तात्या मला आजही रोज आठवतात. पण पुढच्या वर्षी तात्या पुन्हा पंचांत बसले होते. आणि अक्का त्या आधीच, मार्गशीर्षात, लग्न होऊन वडगावला गेली होती. पुढच्या वर्षी वेळेवर नाव पाठवायला ती घरात नव्हतीच. कॉलनीतलं कोर्ट मॅडम गेल्यावर स्टाफच्या घरच्यांपुरतंच ठेवलं गेलं, आणि मग त्यावर स्कूटरी लागायला लागल्या. एवढा सगळा देश झटून कामाला लागला तेव्हा कुठं एक पोरगी शंभराच्या बाहेर राहिली. हे काही आपोआप होत नाही. स्वीडनला तालमी बांधाव्या लागल्या, तशा आपल्याला ह्या भिंती बांधाव्या लागल्या, आणि त्यात पुण्याचा क्लब होता, कारखान्याचा क्लब होता, आमचं मैदान होतं आणि आमचं घरही होतं.

म्हणून मला ते देशांचे तक्ते बघवत नाहीत. अमक्याचे इतके, तमक्याचे इतके. मोजायचं कुणाला, तर ज्यांना उतरू दिलं त्यांना. आता जत्रेत पोरींच्या कुस्त्या होतात, फेटे बांधून त्यांचे सत्कार होतात, आणि तेच जुने पंच फोटोत पुढं उभे असतात. चांगलं आहे. मी टाळ्या वाजवते. पण टाळ्या वाजवताना माझे दात आवळलेले असतात, ते फोटोत दिसत नाही.

रोहित अजून मोबाइलवरच होता. आपल्या मातीतच न्हाय, असं त्यानं पुन्हा एकदा म्हटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कानं कॅनचं झाकण ठोकून बसवलं, पदराला हात पुसले आणि त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. त्याला ह्यातलं काहीच माहीत नाही. तिनं कधी सांगितलंच नाही.

"ही पोरींची यादी व्हय?"

"व्हय. ह्या पहिल्या शंभर."

"खाली घे."

त्यानं अंगठा सरकवला. नावं पळायला लागली. दोनशे, चारशे.

"आजून खाली."

"आई, खाली काय हाय? कुणाला माहीत बी नसतंय ह्यांचं नाव."

"घे की."

तो नाइलाजानं सरकवत राहिला. पलीकडच्या गावातून हलगी ऐकू येत होती. शेवटी यादी थांबली. त्यानं दोनदा अंगठा ओढून बघितला, पडदा हलेना.

"संपली, आई. ह्याच्यापुढं कुणी न्हाय."

"हाय की," अक्का म्हणाली. "हितनं पुढं आमी."

आणि दुधाची गाडी फाट्यावर आली होती, म्हणून तिनं कॅन उचलला आणि ती गेली.